सोमवारची पांढरी माळ

फुलांची शेड रिकामी करायला रविवारी दुपारीच सुरुवात झाली होती, तरी सोमवारी सकाळी आठ वाजता फवारणीचा पंप मधोमध उभाच होता. आशाने तो स्वतःच उचलून बाहेर नेला, पदर खोचला आणि पत्र्याच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता टांगला. तक्त्यापासून माणूस वीस फुटांवर बसवायचा असतो. घरात टेप सापडली नाही, म्हणून तिने शेवंतीचे वाफे आखायची दोरी आणली, हाताने मोजून गाठ मारली आणि जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. रेघ सरळ आली याचा तिला इतका आनंद झाला की ती दोनदा मागे सरकून तिच्याकडे बघून आली.

नऊला करुणामाता रुग्णालयाची जीप येणार होती. गिरणारे रस्त्यावर सगळे त्याला सिस्टरांचा दवाखाना म्हणत. सहा महिने दर गुरुवारी आशा नाशिकला जाऊन तिथे शिकली होती. क्षयाच्या गोळ्या माणसाला आपल्यासमोर गिळायला लावणं, गरोदर बाईचे पाय सुजलेत का ते बघणं, टॉर्च धरून डोळ्यातला मोतीबिंदू ओळखणं, सगळं. घरची ती धाकटी सून, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि आज तिच्या एकटीच्या भरवशावर पहिलं शिबिर भरत होतं. रात्री तिला झोप लागली नव्हती आणि सकाळी भूक नव्हती. नवरा राजू पुण्याला रोपं आणायला गेला होता, तोही जाताना म्हणाला होता की तुझ्या लग्नात तू एवढी घाबरली नव्हतीस.

घाबरण्यासारखं कारणही होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीवर असंच शिबिर झालं. चाळीस जणांना ऑपरेशनच्या चिठ्ठ्या दिल्या आणि जीपमध्ये चढली तिघं. बाकीच्यांना कुणीतरी सांगितलं होतं की डोळा काढून दुसऱ्याला बसवतात. शिबिरांचं काम बघणाऱ्या सिस्टर रेजिनांनी त्यावरून कुणाला बोल लावला नव्हता. मंगळवारचं ऑपरेशन थिएटर या रस्त्यावरच्या माणसांसाठी राखून ठेवलंय, एवढंच त्या म्हणाल्या. माणसं आली, तर दर सोमवारी जीप इथे थांबेल. नाही आली, तर ती सरळ पेठच्या घाटात जाईल. तिथे लोक अर्धा दिवस चालून येतात आणि वाट बघत बसतात.

आशा घरोघर फिरली होती. म्हातारी माणसं तिला बसायला पाट देत, चहा देत, डोळ्यात टॉर्चही मारू देत. मग हसून एकच सांगत, तुझ्या सासूला आधी बसव जीपमध्ये. भागीबाई बसल्या की आम्ही बसलोच म्हणून समज.

आणि भागीबाई काही तयार नव्हत्या.

त्यांचा नेम होता. लग्न होऊन या मळ्यात आल्या त्या वर्षापासून, म्हणजे एक्केचाळीस वर्षं, रोज पहाटे त्या स्वतःच्या हाताने माळ गुंफत आणि मळ्याच्या कडेच्या महादेवाला नेऊन घालत. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. बाळंतपणात ओसरीवर बसून गुंफली, यजमान रावजी गेले त्या पहाटेही गुंफली. सुतकात देवळात जाता येत नाही, म्हणून दहा दिवस माळ बेलाच्या झाडाला बांधली, पण गुंफली. एरवी रंग कुठलाही चाले, सोमवारी मात्र माळ पांढरीच. ऑपरेशन म्हणजे दोन रात्री दवाखान्यात. दोन सकाळी महादेव उघडा राहणार. तेव्हा विषयच नको, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. शिवाय मला सगळं दिसतं, असंही. तुला खात्री पाहिजे तर दे फूल हातात, म्हणत आणि हातात पडलेलं फूल झेंडूचं की शेवंतीचं की ॲस्टरचं, पापणी लवायच्या आत सांगत.

घरात इतरांनाही हे शिबिर फारसं रुचलं नव्हतं. थोरले दीर दिनेश रोज पहाटे टेम्पोने फुलं नाशिकच्या बाजारात नेत आणि बाजारातल्या दहा गोष्टी घेऊन येत. शेड एक दिवस द्यायला त्यांनी हरकत घेतली नव्हती, पण परवा जेवताना बोलून दाखवलं होतं.

"आज डोळे बघतील, उद्या गळ्यात क्रूस घालतील. आईला यात ओढू नकोस."

"दादा, सहा महिने जातेय. माझं कुंकू कुणी पुसायला सांगितलं नाही," आशा म्हणाली होती. "चतुर्थीला सिस्टरच माझ्यासाठी केळी बाजूला काढून ठेवतात."

त्यावर मोठी जाऊ ललिता बोलली होती. गुरुवारी तू केळी खातेस आणि तुझ्या वाटणीची तोडणी मी करते, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं होतं.

जीप नऊच्या आधीच आली. सिस्टर रेजिना उतरल्या, डोळ्यांचे डॉक्टर उतरले, औषधांच्या पेट्या उतरल्या. सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, वसईच्या. शेडमध्ये पाऊल ठेवताच त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या की वडिलांच्या वाडीत आल्यासारखं वाटलं. आमची आई दादरच्या बाजारासाठी मोगऱ्याच्या वेण्या करायची. चुन्याची रेघ बघून त्यांनी आशाच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यानेच आशाचे डोळे भरून आले आणि तिने घाईघाईने वही उघडली.

मग वेळ कसा गेला ते कळलंच नाही. दहापर्यंत रांग शेडच्या बाहेर गेली, साडेदहाला बोअरच्या पाइपापर्यंत. मळेवाले आले, द्राक्षबागांवर कामाला आलेली पेठ-सुरगाण्याकडची माणसं आली. गोटीराम नावाच्या म्हाताऱ्याला त्याची बायको नवसाबाई काठीच्या एका टोकाला धरून घेऊन आली. दुसरं टोक त्याच्या हातात. आशा एकेकाला रेघेवर बसवत होती, बोटं दाखवत होती, किती दिसतात विचारत होती. एका आजोबांनी आठ सांगितली. इतकी बोटं कुणाच्या हाताला असतात, असं शेजारचे म्हणाले तेव्हा आजोबा म्हणाले, मला काय ठाऊक, ही शिकलेली बाई आहे. सगळी शेड हसली, डॉक्टरही हसले.

अकरापर्यंत चौदा चिठ्ठ्या झाल्या. चौदा पिकलेले मोतीबिंदू, मंगळवारी सकाळी ऑपरेशन, जीप बाराला निघणार. चौदाही जणांनी चिठ्ठ्या नीट घडी घालून खिशात, कनवटीला ठेवल्या आणि ओसरीकडे बघत बसून राहिले. ओसरीवर भागीबाई पाठ भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्या शेडकडे फिरकल्या नव्हत्या. आल्यागेल्याला चहा पाठव, पाणी पाठव, असं ललिताला सांगत होत्या. आशा दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा भागीबाईंनी तिचा हात थोपटला आणि तुझं काम कर जा म्हणाल्या.

सव्वाअकराला वाल्मीक गुरव आले.

गावातलं देऊळ उरकून उन्हं वर आल्यावर मळ्यातल्या महादेवाची पूजा करायला यायचं, हा त्यांचा शिरस्ता. ते रावजींचे मित्र, त्यामुळे घरच्यासारखे. आज ते देवळातून तडक ओसरीवर आले. हातात माळ होती.

"वहिनी, आज सोमवार ना?" ते म्हणाले. "मग महादेवाला पिवळं कसं?"

त्यांनी माळ उजेडात धरली. पांढऱ्या शेवंतीत ठिकठिकाणी पिवळी शेवंती होती. कुठे एक, कुठे तीन लागून. नक्षी म्हणावी तर नक्षी नव्हती. कुणी डोळे मिटून मूठ भरावी आणि जे येईल ते गुंफावं, तशी ती माळ होती.

भागीबाईंचा हात पुढे झाला आणि माळेवरून फिरला. एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांचा चेहरा उतरत गेला तो आशाने शेडच्या दारातून पाहिला. मग त्यांनी आवाज चढवून ललिताला हाक मारली आणि विचारलं की काल पाट्या हलवताना दोन्ही शेवंत्या एकात कुणी ओतल्या. पांढरी पाटी कायम उंबऱ्याशी असते, तिला हात लावू नका म्हणून शंभरदा सांगितलंय.

ललिता सकाळपासून साठ माणसांचा चहा करून दमली होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

"मिसळली मी," ती म्हणाली. "शेड रिकामी करायची होती, मिसळली. पण आई, गुंफली कुणी?"

बोलून गेली आणि मग तिलाच कळलं आपण काय विचारलं ते. तिने पदर तोंडाला लावला. रांगेतल्या माना ओसरीकडे वळल्या.

आशाच्या मनात मात्र एकामागून एक गोष्टी जागच्या जागी बसत होत्या. पांढरी पाटी उंबऱ्याशीच का लागते. दिवेलागणीनंतर आई अंगणात का उतरत नाहीत. माणूस बोलायच्या आधी त्या मान का वळवत नाहीत. झेंडू हाताला कळतो, ॲस्टर कळतं, शेवंतीही कळते; पण पांढरी शेवंती आणि पिवळी शेवंती बोटांना सारखीच. अर्ध्या पंचक्रोशीच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि ज्या बाईच्या पुढ्यात रोज जेवायला बसते, तिच्या डोळ्यांत कधी नीट पाहिलं नाही. तिला स्वतःची शरम वाटली. आता एवढ्या माणसांसमोर ही उघडी पडणार, आणि तेही मी भरवलेल्या शिबिरात, या विचाराने ती ओसरीकडे धावलीच.

"माळ मी गुंफली," ती म्हणाली. "घाईत होते. माझ्याकडून चुकलं."

गुरवांनी तिच्याकडे पाहिलं, मग भागीबाईंकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे आज वहिनींच्या हातची माळ नव्हती? वहिनी, तुम्ही पाणी घेतलंत का?"

पाणी काय, चहाही झाला होता. आशाला तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. सासूची लाज झाकायला गेलो आणि तिचा एक्केचाळीस वर्षांचा नेम मोडून आलो. परत फिरायला वाट नव्हती. बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या. दिनेश मागच्या दारातून येऊन उभे राहिले होते, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

भागीबाई भिंतीला धरून उठल्या. आयुष्यात त्यांनी पुष्कळ गोष्टी गिळल्या होत्या, ही मात्र त्यांना गिळता येईना. डोळे नाहीत म्हटलं तर घरातली जागा जाते. डोळे आहेत म्हटलं तर महादेवासमोर खोटं ठरतं.

"खोटं बोलू नको पोरी," त्या म्हणाल्या. "माळ माझ्याच हातची हाय. नेम मोडलेला नाय."

मग त्यांनी गुरवांच्या दिशेने मान वळवली.

"मला दिसत नाय, वाल्मीकभाऊ. दोन वरसं झाली. उजव्यानं कायच नाय, डाव्यानं नुस्ता उजेड कळतो. फूल हाताला कळतं. रंग नाय कळत."

दिनेश पायरीवर बसले. आई, सांगितलं का नाहीस, एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"सांगून काय झालं असतं? खाटेवर बसवलं असतं मला. जिला दिसत नाय त्या माळणीला मळ्यात काय काम?"

शेडमधून सिस्टर रेजिना केव्हा आल्या ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी खाली वाकून पाटीतून दोन शेवंत्या उचलल्या, डोळे मिटले, दोन्ही हातांत फुलं बराच वेळ चाचपली आणि डोळे उघडले.

"भागीबाई, मी फुलांच्या वाडीत वाढले," त्या म्हणाल्या. "मलाही नाही कळलं. महादेवाला कळलं असेल तुम्ही काय केलंत ते."

भागीबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. सिस्टरांनी टॉर्च काढला, पण स्वतः न वापरता आशाच्या हातात दिला. तिने सासूची हनुवटी धरली आणि उजेड पाडला. उजव्या बुबुळात साय धरावी तसा पांढरा पडदा, डाव्यात त्याहून थोडा पातळ. शिकवलेलं सगळं तिला आठवलं. हे वाईट नव्हतं. उजेड आत पोचत होता. हे बरं होणारं होतं. तिने सिस्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनीही येऊन बघितलं आणि मान डोलावली. पंधरावी चिठ्ठी आशाने लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

भागीबाईंनी चिठ्ठी हातात घेतली नाही.

"होईल म्हणता, तर देव तुमचं भलं करो. पण दोन सकाळी महादेव उघडा राहील. ते जमायचं नाय."

सिस्टरांनी नेम मोडा असं म्हटलं नाही. देव समजून घेईल असंही म्हटलं नाही. त्या पायरीवर दिनेशच्या शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या की त्यांच्याकडेही पहाटे पाचला प्रार्थना असते. पंचवीस वर्षांत ती चुकायची वेळ एकदाच आली. आजारी पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. तेव्हा बाकीच्या सिस्टर त्यांच्या खाटेशी येऊन बसल्या आणि प्रार्थना खोलीतच झाली. म्हणजे नेम जागेवरून हलला, मोडला नाही. तुमचा कसा हलवता येईल ते मला सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. ते तुमच्या घरच्यांनी सांगायचं.

आशा बोलणार होती. पण तिच्या आधी दिनेश बोलले.

"टेम्पो रोज पहाटे फुलबाजारात जातोच की." ते जमिनीकडे बघत मनाशीच हिशेब लावल्यासारखे बोलत होते. "बाजारात जायच्या आधी दवाखान्यावरून जाईन. फुलं तुझ्या हातात देईन. खाटेवर बसून गुंफ. डोळ्याला पट्टी असली तर असली, तुझं डोळ्यावाचून काही अडलंय का इतके दिवस? परत येताना माळ घेऊन येतो. अकराच्या आत महादेवाला."

"पहाटे दार उघडतील का तिथलं?" गुरवांनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या की पाचला त्यांच्या चॅपेलची घंटा होते, तेव्हापासून दार उघडंच असतं. गुरवांनी जरा विचार केला आणि सांगितलं की माळ येईपर्यंत ते पूजा धरून ठेवतील. दिनेशला वाटेत उशीर झाला तरी धरून ठेवतील.

भागीबाईंनी पदर सावरला. त्यांनी हात पुढे केला. आशाने त्यात चिठ्ठी ठेवली.

पहिली उठली ती नवसाबाई. तिने गोटीरामच्या हातातली काठी हलवली, त्याला उभं केलं आणि कुणालाही न विचारता जीपकडे चालू लागली. म्हाताऱ्याने कुठे चाललो विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मळ्याची बाई जाते तिथं." मग सगळं अंगणच उठलं. आठ बोटं मोजणाऱ्या आजोबांनी टोपी घातली. एका बाईने घरी निरोप पाठवला की भाकऱ्या तू टाक, मी डोळे करून येते. बारा वाजता जीपमध्ये नऊ माणसं कोंबून बसली, पेट्या टपावर गेल्या आणि तरी सहा जण आणि त्यांच्यासोबतची माणसं खालीच उरली. ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला की आता चाकं बसतील. दिनेशने कुणाशी काही न बोलता टेम्पो मागे घेतला, पाठीमागे गोणपाट अंथरलं आणि फळी उघडली. सिस्टर रेजिना आधी चढल्या, पदर सावरून गोणपाटावर मांडी घालून बसल्या आणि हात देऊन म्हाताऱ्यांना वर ओढू लागल्या. परवा क्रूसाचं बोलणारे दीर सिस्टरांना सांगत होते, पाठ इकडं टेका, तिकडं पत्रा लागेल. आशाने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

भागीबाईंना दिनेशने पुढे आपल्या शेजारी बसवलं. टेम्पो सुरू झाला तेवढ्यात ललिता मळ्यातून पळत आली. पायाला चिखल, कपाळावर घाम, कडेवर केळीच्या पानाने झाकलेली पाटी. उद्या पहाटेपर्यंत थांबायला नको, ताजी तोडलीत, ओल्या फडक्यात राहतील, असं तिने धापा टाकत सांगितलं.

"सगळी पांढरी हायत आई. एकेक बघून तोडलीत."

भागीबाईंनी पाटी मांडीवर घेतली. सवयीने त्यांचा हात पानाखाली गेला, पहिल्या फुलाला लागला आणि तिथेच थांबला. त्यांनी हात बाहेर काढून घेतला आणि पान पुन्हा नीट झाकलं.

"तू बघितलीस ना," त्या म्हणाल्या. "मग झालं."

ललिता तिथेच उभी राहिली, टेम्पोचा दरवाजा धरून, दिनेश सोड म्हणेपर्यंत.

जीप पुढे, टेम्पो मागे, दोन्ही गाड्या धूळ उडवत नाशिकच्या रस्त्याला लागल्या. आशाने वहीत पंधराच्या पंधरा नावांपुढे खुणा केल्या. पेन वहीला अडकवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ज्या जीपमधून तिने माणसांना घेऊन जायचं होतं त्या जीपमध्ये तिला बसायला जागाच उरली नव्हती, टेम्पोतही नव्हती.

"आता गं?" ललिता म्हणाली. "शिबिराची बाई शेडमध्येच राहिली."

दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. गुरव देवळाकडे निघाले होते, तेही मागे वळून हसले. मग ललितानेच वही आशाच्या काखेत दिली, संध्याकाळची तोडणी आपण बघू म्हणाली आणि तिला फाट्यावर पिटाळलं, कारण साडेबाराची एस.टी. आत्ता येईल, आणि आई वॉर्डात सगळ्यांना हुकूम सोडायला लागायच्या आत कुणीतरी तिथे पोचायला हवं होतं.